दीड इंच

आधी मोडून बघ. रिकामी आहे न्हवं?
परत बघ. मी सांगितलं म्हणून खरं धरू नको.
आता उभी रहा. डावा पाय पुढं.
एवढा नको गं, कुस्ती धरालीस काय?
गाल लाकडावर टेकव,
उशीवर टेकवतो तसा नव्हे,
दुखऱ्या दाढेवर हात धरतो तसा.

हा दस्ता आप्पांच्या हातचा.
खानापुरात रेल्वे फाटकापाशी त्यांचं सुतारकाम,
चौकटी, पाळणे,
आणि बेळगावच्या कॅम्पातल्या दुकानातून यायच्या
दस्ता चिरलेल्या बारा बोअर,
कुणाकुणाच्या, उसातली डुकरं हाकायच्या.
लोखंड त्यांचं, लाकूड आमचं.
मी पॉलिश पेपर मारायचो.
एकदा नळी नसलेला दस्ताच खांद्याला लावून
पाकोळीमागं फिरत होतो अंगणात,
तर दारात एक पेन्शनीतले सुभेदार.
किती वेळ उभे होते, कुणास ठाऊक.
म्हणाले, सुतार, रविवारी हिला माळावर आणा.

आप्पा काही बोलले नाहीत.
रात्री कंदील घेऊन बसले,
अक्रोडाचा एक जुना दस्ता काढला,
माझा हात कोपरापासून बोटापर्यंत मापला
आणि करवत लावली.
दीड इंच.
कापलेला तुकडा चुलीत गेला नाही,
दिवळीत ठेवला, निरांजनाशेजारी.

पहिल्या रविवारी एकही चकती फुटली नाही.
आईनं खांद्यावर आंबेहळद लावताना विचारलं,
कुणी मारलं गं?
मीच, म्हटलं.

पुढं तो तुकडा आप्पांनीच जोडला परत,
दोन स्क्रू, मी वाढलो तेव्हा.
जोड दिसतोय बघ, बोट फिरव.
पुण्याला गेलो नेमबाजीला तर पोरी हसल्या,
बाई असून "येतो" म्हणते.
पंचवीसातल्या एकवीस फोडल्या,
तरी हसल्याच. हसू दे.

मग लग्न, निपाणीला.
तंबाखूच्या वखारीत वजनं लिहायचो,
बंदूक अकरा वर्षं दुकानात जमा.
लायसन मात्र दर तिसऱ्या वर्षी नवं करायचो.
सासू विचारायची, घरात काडतूस नाही एक,
कागद कशाला?
उत्तर नव्हतं मला.
कागद डब्यात, डबा तांदळात.

तो डबा उघडून इथं आलो,
ह्या तांबड्या माळावर, चाळीस संपल्यावर.
आधी मी एकटीच आणि मशीनवर यल्लाप्पा.
मग किट्टूरची निलव्वा आली,
संकेश्वरची तस्लीम,
कुणी "सोड" म्हणायची, कुणी "बिडु".
यल्लाप्पा म्हणतो, सीमेचा निकाल
लागायचा तेव्हा लागू दे अक्का,
मशीनला दोन्ही कळतंय.

मोतीबिंदू पिकलाय माझा.
डॉक्टर म्हणतोय काढू, मी म्हणतोय सीझन होऊ दे.
नारिंगी चकती आता दिसत नाही,
ढगाला आलेली खाज वाटते नुसती.
पण बार ऐकला की कळतंय
छर्रा मागून गेला का वरून,
आणि फुटली तर, ते काय सांगू तुला,
पापड मोडल्यागत आवाज येतोय लांबून
आणि मग माती मातीवर पडल्याचा,
तो फार बारीक.
तो ऐकायला गप बसावं लागतंय.

कस्तुरी, तुझा हात आखूड आहे.
काल तू वाकून पाणी प्यालीस तेव्हाच बघितलं.
पहाटे स्क्रू काढले दोन्ही,
गंजले होते, रॉकेल घालावं लागलं.
तुकडा हा इथं, माझ्या पिशवीत.
उंच झालीस की माग.
नाही मागितलास तरी मी देणार.

घाल काडतूस. बंद कर.
दोन्ही डोळे उघडे ठेव,
एक मिटून फक्त भांडणं करता येतात.
चकती सुटली की तिच्यावर थांबू नको,
तिच्या पुढं जा, बार झाल्यावर पण जातच रहा,
दार लोटल्यावर हात जातो न्हवं थोडा पुढं, तसं.

घाबरलीस? घाबर की.
सुभेदार म्हणायचे, न घाबरणाऱ्याला
मी काडतूस देत नाही.
मी पण देत नाही.

आता म्हण.
सोड म्हण, बिडु म्हण,
जे पोटातून येईल ते.
मोठ्यांदा म्हण गं,
यल्लाप्पाला ऐकू कमी येतंय.